सिंधुदुर्गाचे जाणकार

"ह्यॅ! ही कसली तटबंदी? आमचा सिंधुदुर्ग बघा. पायात शिसं ओतलंय, शिसं!" ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावरच्या जुन्या बंदरात, तटाला थाप मारत भालचंद्ररावांनी सकाळपासून तिसऱ्यांदा सांगितलं. सहलीतली मंडळी कौतुकाने ऐकत होती.

त्यांच्या बायकोच्या, शालनच्या, मस्तकात तिडीक गेली. ती मालवणची. समुद्रातला तो किल्ला तिच्या माहेरच्या अंगणातून दिसायचा. शिसं, विहिरी, सगळं नवऱ्याला तिनेच सांगितलं होतं, लग्नाच्या पहिल्या वर्षी. तेव्हा पेपरातून डोकं वर न काढता हेच महाशय म्हणाले होते, "किल्ले काय गं, सगळे सारखेच." पुढे मालवणचं नाव काढलं की ह्यांची रजा शिल्लक नसायची. तिचे बाबा गेले, तेव्हाही तिला एकटीला एसटीत बसवून दिलं. आणि आता सातासमुद्रापार येऊन शिसं ओततायत!

"आणि आत दूधबाव, साखरबाव! भर समुद्रात गोड्या पाण्याच्या विहिरी!" भालचंद्रराव रंगात आले होते.

"पण काका, किनाऱ्यावरून किल्ल्यात जायचं कसं?" सहलीतल्या एका मुलीने विचारलं.

भालचंद्ररावांची गाडी तिथेच अडली. सवयीने त्यांनी बायकोकडे पाहिलं. "अगं, सांग ना."

"होडीने," शालन म्हणाली, ती इतक्या मोठ्याने की पुढे गेलेला गाइडही वळून बघायला लागला. "माझे बाबाच न्यायचे. सगळ्या जगाला किल्ला दाखवला त्यांनी. जावयाला न्यायचं तेवढं राहिलं."