टोल्यावरची ग्रामसभा

"ज्यांना ठराव मंजूर आहे त्यांनी हात वर करा," ग्रामसेवक भूपेंद्र म्हणाले.

टोल्यावरच्या चिंचेखाली बसलेल्यांपैकी एकाचाही हात हलला नाही.

ठराव साधा होता. अंगणवाडी आता टोल्यावरच भरवायची. टोला म्हणजे गोंडांची वस्ती महामार्गाच्या या अंगाला, गाव त्या अंगाला, आणि मधून नागपूर-अमरावतीचे ट्रक. टोल्यावरच्या लेकरांना रोज तो रस्ता ओलांडावा लागे. शकुबाईची नात रक्षा परवाच एका ट्रकखाली जाता जाता वाचली होती. तेव्हापासून शकुबाईला घास गोड लागत नव्हता.

भूपेंद्रांनी पुन्हा विचारलं, या वेळी आवाज चढवून. तरी एकही हात वर नाही. म्हातारा जंगू तर मांडी घालून, डोळे मिटून बसलेला. याच गोंडांनी मागे लागून सभा टोल्यावर घ्यायला लावली, आणि आता तोंडाला कुलूप! एवढ्या उन्हात आपलं हसं करायला बोलावलं की काय, असं साहेबांना वाटलं.

सरपंच अंजूताई नव्या होत्या, रस्त्यापलीकडच्या गावातल्या. या ठरावासाठी त्या आपल्याच माणसांशी भांडून आल्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला.

"लिहा मग साहेब," त्या म्हणाल्या. "ठराव नामंजूर."

"काऊन?" शकुबाई ओरडलीच. "नामंजूर काऊन, ताई?"

"एक तरी हात वर झाला का, मावशी? तुमी सोता बी नाई केला."

"हात कायले करू? आमच्या बैठकीत ज्याले पटत नाई तो उठून जाते. ज्याले पटलं तो बसून राह्यते. कोनी उठलं का? सांगा ना!"

अंजूताईंनी चिंचेखाली नजर फिरवली. खरंच, कुणी जागचं हललं नव्हतं. मघाशी चहा आला तेव्हा तो घ्यायलासुद्धा कुणी उठलं नव्हतं.

"मले कवाची लघवीले लागली," जंगू डोळे उघडून म्हणाला. "पन उठलो नाई."

अंजूताईंना हसू आवरेना. हसता हसताच त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

"मंजूर लिहा, साहेब. एकमतानं."

शकुबाईचा जीव भांड्यात पडला. तिने रक्षाला ओढून मांडीवर घेतलं आणि तिच्या केसांवरून नुसता हात फिरवत राहिली.

भूपेंद्रांनी ठराव लिहिला, खाली अंजूताईंची सही घेतली आणि सभा संपल्याचं सांगायला ते उभे राहिले.

सगळा टोला त्यांच्याकडे बघायला लागला. शकुबाईचा हात थांबला.

"काऊन साहेब," जंगूने काळजीने विचारलं, "तुमाले नाई पटलं का?"

भूपेंद्र चटकन खाली बसले.