एक जीबीचं गुप्तदान

“खाचच जुळत न्हाई, ताई,” मन्मथप्पा म्हणाले. बीडच्या त्यांच्या दुकानात काउंटरवर मेमरीच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी पडल्या होत्या. एक दुकानातली नवी, दुसरी शिवकन्येनं सोसायटीच्या संगणकातून काढून आणलेली. “तुमची लई जुनी हाय. आता असली येत न्हाई. अशाच जुन्या मशीनची काढलेली मिळाली तर लावा. शेजारची जागा रिकामी असंल, नुसती दाबायची.”

“तुमाला मिळंल का?”

“चौकशी करतो. शब्द देत न्हाई.”

शिवकन्येनं पट्टी रुमालात गुंडाळली आणि परतीची एसटी धरली. बुधवार होता. हातात शुक्रवारपर्यंतचाच वेळ होता.

दुष्काळामुळं गावच्या सोसायटीनं चारा छावणी काढली होती आणि छावणीत चारशे बारा जनावरं. त्यांची फोटोसकट यादी रोज तहसीलला ऑनलाइन पाठवायची, हे शिवकन्येचं काम. महिन्यापूर्वी नवं सॉफ्टवेअर आलं आणि संगणकानं मान टाकली. त्याची मेमरी एक जीबी, सॉफ्टवेअरला लागत होती दोन. शंभरावं जनावर आलं की जागच्या जागी थिजायचा. शेवटी तहसीलनं बजावलं, शुक्रवारी पाचच्या आत पूर्ण यादी आली नाही तर छावणी बंद. मग जनावरं चाऱ्यासाठी पायी माजलगावच्या बाजूला न्यायची.

शिवकन्येची गाय कपिली त्या चारशे बारांतली एक. दिवस भरलेली. ती एवढी वाट चालणार नाही, हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

सोसायटीचे अध्यक्ष सुंदरराव. अकरा वर्षांपूर्वी सोसायटीनं एकसारखे दोन संगणक घेतले, त्यातला एक कार्यालयात राहिला आणि दुसरा ‘देखरेखीसाठी’ त्यांच्या घरी गेला. तिथं तो जाळीदार विणकामाच्या झाकणाखाली असायचा आणि संध्याकाळी त्याच्या पडद्यावर सुंदररावांचा पत्त्यांचा डाव पडायचा. एवढी देखरेख गावात दुसऱ्या कशाचीच होत नव्हती.

“तात्या, मेमरी न्हाई मिळाली तर छावणी जाती,” शिवकन्या म्हणाली.

“इकत घ्यायचं तर ठराव लागतो. ठरावाला मीटिंग लागती. मीटिंग पुढल्या महिन्यात.” सुंदररावांनी टोपी सारखी केली. “दान माग कुनाला तरी. दानाला ठराव लागत न्हाई, नारळ लागतो.”

ते स्वतःच्याच विनोदावर हसत जेवायला गेले. पण बोलले ते खरं होतं. सोसायटीची रीतच तशी होती. दानात आलेली वस्तू नारळ फोडून ठेवून घ्यायची आणि देणाऱ्याला नाव नको असेल तर विचारायचं नाही. नारायणगडावर दानपेटीत पैसे टाकणाऱ्याला कोण नाव विचारतं? छावणीतला पाण्याचा हौदही असाच आला होता. रजिस्टरात नोंद होती, ‘एक सद्गृहस्थ’.

गुरुवारी शिवकन्या सहीसाठी सुंदररावांच्या घरी गेली. ते परगावी लग्नाला गेले होते, दुसऱ्या दिवशीच परतणार होते. त्यांच्या पत्नी वच्छलाबाई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या.

“तोंड कावून उतरलंय, पोरी?”

शिवकन्येनं सगळं सांगितलं. सांगता सांगता रडू आलं, ते तिनं लपवलं नाही. वच्छलाबाईंनी मधे एकदाच विचारलं, “गाय कितव्या वेताची?”

“पयल्याच.”

“असं,” म्हणून त्या चहा टाकायला उठल्या.

शुक्रवारी सकाळी शिवकन्येनं कार्यालय उघडलं तेव्हा तिच्या हातात एक हिरवा खण होता आणि खणात मेमरीची पट्टी. तिनं संगणकाचं झाकण काढलं, धूळ फुंकली, आधीची पट्टी परत जागेवर बसवली, मग शेजारी खणातल्या पट्टीची खाच जुळवली आणि दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबली. खटकन आवाज झाला. पडद्यावर दोन जीबी आलं.

शंभरावं जनावर गेलं. दोनशेवं गेलं. दुपारी दारात माणसं जमली आणि आकडे मोठ्यानं मोजू लागली. चार वाजून दहा मिनिटांनी चारशे बारावी कपिली गेली आणि पडद्यावर ‘यादी प्राप्त’ उमटलं. एकच आरोळी उठली. म्हातारी माणसंसुद्धा नाचली. शिवकन्येला बायकांनी उचललंच.

“पर दिली कुनी?” उपाध्यक्ष उत्तरेश्वर म्हणाले.

“गुप्तदान हाय,” शिवकन्येनं हात जोडले.

“ते बीडचे मन्मथप्पाच असनार,” कुणीतरी म्हणालं. “देवमानूस!”

“मन्मथप्पांचा सत्कार करू की!”

नारळ घेऊन आलेले सुंदरराव दारातच थांबले. निवडणूक तोंडावर आली होती. गावाच्या तोंडी बीडच्या दुकानदाराचं नाव त्यांना काही सोसेना.

“भायेरच्या मानसाचं नाव कावून घेता?” ते घसा खाकरून म्हणाले. “उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये, म्हनून गप होतो.”

“म्हंजी तात्या, तुमी?”

“आता तुमीच वळखलं, तर मी काय बोलू.”

सगळ्यात आधी टाळी वाजवली शिवकन्येनं. मग गुलाल उधळला, हार पडला, नारळ फुटला. तिनंच मेमरीच्या दानाची नोंद केलेलं रजिस्टर पुढं केलं आणि सुंदररावांनी ‘सद्गृहस्थ’ खोडून तिथं आपलं नाव झोकात लिहिलं. पुढं ‘कायमस्वरूपी’ असं लिहून सहीही ठोकली. छावणीपर्यंत त्यांची मिरवणूक निघाली. तिथं कपिली सावलीत बसून रवंथ करत होती. ती आता कुठंही जाणार नव्हती.

दिवस मावळताना सुंदरराव हारासकट घरी आले. खूश होते. खुर्ची ओढून त्यांनी जाळीचं झाकण बाजूला केलं आणि पत्त्यांचा डाव मांडायला बटण दाबलं. संगणक पीं पीं करू लागला. पडदा काळाच राहिला. त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा पीं पीं.

“अगं ए! ह्याला काय झालं?”

“काय हुनार?” चुलीपुढून वच्छलाबाई म्हणाल्या. “दान दिलं न्हवं तुमी? साऱ्या गावापुढं, सही करून!”