निसटलेले चेंडू

अमेरिकन फुटबॉलचा संघ नव्या क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, शोधात होता. चाचणीला आलेल्यांची फेक झेलायचं काम डॅरेलकडे होतं. जुना क्वार्टरबॅक ग्रँट त्याचा जिवलग दोस्त. त्याची जागा जाऊ द्यायची नाही, हे डॅरेलने मनाशी पक्कं केलं होतं. टेक्सासहून आलेला एक नवखा पोरगा चेंडू अगदी हातात आणून ठेवल्यासारखे फेकत होता. डॅरेलने त्यातले चार मुद्दाम निसटू दिले.

"फार आडदांड फेकतो, कोच. झेलणार कसं?"

कोचनी नवख्याला परत पाठवलं. जाताना त्यानेच डॅरेलची माफी मागितली. डॅरेलला त्याच्याकडे बघवेना.

तरी गाडीत बसताच त्याने ग्रँटला फोन लावला. "वाचलास लेका! गेला तो परत."

ग्रँट म्हणाला, "मीच कोचना म्हटलं होतं, माझ्या तोडीचा कुणी मिळाला की मला सोडा. डोक्याला आणखी एक मार बसला, तर पोरींची नावंसुद्धा आठवणार नाहीत म्हणतात डॉक्टर. असो, आता हाही हंगाम खेळतो."

"चार चेंडू माझ्याच हातून निसटले रे," डॅरेल म्हणाला.




"तू कशाला वाईट वाटून घेतोस? तुझ्या हातून निसटले, म्हणजे फेकच वाईट असणार."