झाकणाखाली

झाकणाची एक क्लिप निघाली. दुसरीवर मिस्त्रीचा अंगठा अडला. प्लगना ठिणगी वाटणाऱ्या त्या मुठीएवढ्या डिस्ट्रिब्युटरला तो एकेचाळीस वर्षं भीत आला होता.

आयुष्यभर त्याने लोकांच्या जुन्या गाड्या सुरू करून दिल्या. बाकीच्या गॅरेजांनी हात टेकलेल्या गाड्या त्याच्या दारात ढकलत यायच्या आणि गुरगुरत परत जायच्या. झाकणाखालच्या, ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटची फट तो तीनदा मोजायचा. झाकण लावलं की पुन्हा काढून बघायचा. गिऱ्हाइकांनी त्याचं नाव ‘पुन्हाबघू’ ठेवलं होतं, आणि ते त्याच्या तोंडावर म्हणायलाही कुणी कचरत नसे. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. पण तोंड कुठे पोळलं, हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वडिलांची ही गाडी बहिणीच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी होती. तिला त्याने आजवर बोट लावलं नव्हतं.

आता बहिणीला शेड पाडायची होती. गाडी घेणारा सोमवारी स्वतःचा मेकॅनिक घेऊन येणार होता. तो झाकण उघडणार, पॉइंट बघणार आणि विचारणार, हे कुणा अडाण्याने बसवलंय? ते मिस्त्रीला सोसणारं नव्हतं. म्हणून त्याने तीन शहरांतली जुनी दुकानं पालथी घातली. शेवटी एका म्हाताऱ्या दुकानदाराच्या माळ्यावर त्याला हवा तो संच सापडला. पॉइंट, कंडेन्सर, रोटर. पन्नास वर्षांपूर्वीचा माल, मेणकागदात गुंडाळलेला, एकदाही न वापरलेला. जुनं काढायचं, न बघता फेकायचं, हे बसवायचं. आपली चूक परक्याच्या नजरेला पडू द्यायची नाही, एवढंच त्याला हवं होतं.

सोळाव्या वर्षी, वडील परगावी गेलेले असताना, त्याने या गाडीत पहिल्यांदा पॉइंट बसवले. गाडी एका फटक्यात सुरू झाली. आई दारात उभी राहून बघत होती. “उद्या हायवेवर काढतो बघ,” तो छाती फुगवून म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी आई स्वयंपाकघरात कोसळली. तोंड वाकडं झालं, वाचा गेली. तिला दवाखान्यात न्यायला तो गाडीकडे धावला आणि गाडी काही केल्या सुरू होईना. त्याने प्लग पुसले, पेट्रोल बघितलं, बॅटरीच्या तारा घासल्या. झाकण तेवढं उघडलं नाही. ते काम आपण कालच केलंय, ते चुकेलच कसं, असा सोळा वर्षांचा ताठा. शेजाऱ्यांनी टॅक्सी आणेपर्यंत तास गेला, आणि त्या तासात आई गेली. मग ताठा उतरला आणि पक्कं कळलं, की चूक तिथेच झाली असणार. वडील एका शब्दाने बोलले नाहीत, गाडीलाही त्यांनी पुन्हा हात लावला नाही. ते बोलले असते तर बरं झालं असतं, असं त्याला अजून वाटायचं. तेव्हापासून कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडलं, की आई पाठीमागे दारात उभी असायची. तो वळून बघायचा नाही.

त्याने क्लिप ओढली आणि झाकण उचललं.

रोटर नव्हता.

मिस्त्री वाकला. मधला दांडा उघडाबोडका होता. अंगठ्याएवढी ती तपकिरी टोपी दांड्यावर बसते, फिरते आणि एकेका प्लगला ठिणगी पोचवते. ती नसेल तर गाडी ब्रह्मदेवालाही सुरू करता येणार नाही. वडील बाजारात गाडी उभी केली की चोराच्या भीतीने ती काढून खिशात टाकायचे, आणि आई त्यांना हसायची.

त्याने मोजपट्टी काढली आणि पॉइंटच्या फटीत सरकवली. ना सैल, ना घट्ट. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. त्या सोळा वर्षांच्या पोराने ते अगदी बरोबर बसवले होते.

त्याला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू आलं. रोटर कुणी काढला हे त्याला कळत नव्हतं, आणि त्या क्षणी कळायला नकोही होतं. एकेचाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याने पाठीमागे वळून बघितलं. दारात कुणी नव्हतं. त्याने मेणकागद सोडला आणि नवा रोटर तळहातावर घेतला.

“चहा घे, दादा,” म्हणत बहीण आत आली आणि त्याच्या हाताकडे बघून थबकली. “अगंबाई! हे तुझ्याकडे कसं आलं? मी तर बटणांच्या डब्यात ठेवलंय.”

“काय ठेवलंयस?”

“अगदी असंच. आईच्या मुठीत होतं ना. पडल्या पडल्या तिने चांगल्या हाताने पिठाचा डबा ओढून पाडला आणि त्यातून हे काढलं. मला वाटलं, तिच्या शिवणयंत्राचं काही असेल. आईची आठवण म्हणून ठेवलं.”

मिस्त्री गाडीला टेकला. हायवेवर जायला निघालेल्या पोराच्या काळजीने आईने रात्रीच रोटर काढून पिठात लपवला होता. चोरापासून गाडी कशी वाचवायची ते तिने बघितलेलं होतं, तसंच तिने पोराला वाचवलं होतं.

“मग मला दिला का नाही तिने?” तो जवळजवळ ओरडलाच.

“देत होती की.” बहिणीने कप खाली ठेवला. तेव्हा ती आठ वर्षांची होती. “मूठ सारखी दाराकडे करत होती, तुला बोलाव म्हणून. मी दोनदा आले होते तुला बोलवायला.”

“मग?”

“तू वर बघितलंसुद्धा नाहीस, दादा. म्हणालास, ‘आत्ता नको चिमे, मी आईसाठीच करतोय ना!’”