जबाबदारी कुणाची
एरंडोलच्या बाजारात सोड्याच्या कारखान्याने जाहिरातीसाठी स्पर्धा ठेवली होती. सर्वांत जास्त बाटल्या पिणाऱ्याला शिलाई मशीन मिळणार होतं. पुष्पाबाईसाठी तिचा नवरा बाटलीमागून बाटली पीत राहिला. पोट धरून बसला, तेव्हा कारखान्याचा माणूस भोंग्यावर ओरडला, "अजून एकच, भाऊ!" नवऱ्याने तीही संपवली आणि तिथेच जीव सोडला. जळगावच्या कोर्टात कारखान्याचा वकील म्हणाला, "तो स्वखुशीने प्यायला." पुष्पाबाईने मान खाली घातली. मशीन तर तिनेच मागितलं होतं. निकाल लागल्यावर तिचे वकील म्हणाले, "जबाबदारी कारखान्याची ठरली, बहीण. थांबवायचं सोडून त्यांनी त्याला चेतवलं." "आनि मन्ही जबाबदारी?" तिने विचारलं. "तुना काहीच दोष नही," वकील तिच्याच बोलीत म्हणाले. "हाई मन्ही सासूले सांगा, भाऊ." शेजारीच बसलेल्या म्हातारीने सुनेचा हात धरला. "मी तं रोज हाईच सांगस. आते तरी ऐक, माय."