गेल्या चोवीस तासांत

नत्थुजींनी खर्रा सोडला हे ऐकून प्रियदर्शनीचा चेहरा पडला.

"अरे वा," ती म्हणाली. सूर मात्र मयतीला आल्यासारखा लागला.

"तीन महिने आन चार दिवस झाले, मॅडम." नत्थुजी कापसाच्या जिनिंगमधून निवृत्त झालेले. एकतीस वर्षांचा खर्रा, सुपारी-तंबाखू-चुन्याचा, दिवसाला आठ पुड्या. आज इस्त्रीचा शर्ट घालून ते अकोल्याच्या व्यसनमुक्ती केंद्रातल्या या खोलीत बसले होते, दहावीचा निकाल घेऊन आल्यासारखे. "गोदा पेढे आणाले गेली. तुमच्यासाठीच. म्हने, त्या पोरीनं सोडवला."

प्रियदर्शनीनं काहीच सोडवलं नव्हतं. ती सोडवायला नाही, मोजायला आली होती. सहा महिन्यांपूर्वी खर्रा खाणाऱ्यांची यादी करायची आणि आता कुणी सोडला, कुणी नाही, ते बघायचं, एवढाच तिचा अभ्यास. तुलनेला दोन्हीकडे वीस-वीस माणसं हवी होती. सोडणारे वीस कधीच झाले होते. न सोडणारे एकोणीसवर अडले होते आणि यादीत शेवटचं नाव नत्थुजींचं होतं. सगळ्या अकोल्यात या एका माणसावर तिचा पूर्ण भरवसा होता.

अहवाल आज पाचपर्यंत गेला, तरच बंगळुरूच्या संस्थेतली नव्या संशोधकाची जागा तिची होती. अमरावतीहून तिच्या मार्गदर्शक सरांचा सकाळपासून तिसऱ्यांदा फोन आला होता. "अख्खं अकोला खर्रा खाऊन राहिलं, आन तुले एक माणूस भेटत नाही?" पण रस्त्यावरचा कुणीही चालणार नव्हता. माणूस यादीतलाच हवा होता.

"काका, अगदी पूर्ण बंद?" तिनं विचारलं. "म्हणजे लग्नाबिग्नात, एखादा?"

"नाई."

"कुणी आग्रह केला म्हणून?"

"माह्या दोस्तानं, देवीदासनं, जबरदस्ती हातावर ठेवला होता. म्या नालीत फेकला."

"फेकला," प्रियदर्शनी म्हणाली. "अख्खाच?"

नत्थुजींनी तिच्याकडे नीट पाहिलं. "काहून मॅडम? काई चुकलं का आमचं?"

"नाही हो काका. छानच झालं." तिनं फॉर्म उलटा केला, सुलटा केला. मग जे वाचून दाखवायची काही गरज नव्हती, ते वाचून दाखवलं. "नियम असा आहे, गेल्या चोवीस तासांत एकदा जरी खाल्ला, तरी 'सुरू आहे' असं धरतात. आपलं माहिती म्हणून सांगते. न सोडणारे वीस भरत नाहीयेत ना."

"किती मानसं कमी पडून राहिले?"

"एक." उत्तर जरा जास्तच लवकर आलं.

"मंग टाका ना लिहून. माहं नाव तं हायेच तुमच्यापाशी."

"असं खोटं नाही लिहिता येत, काका."

"हाव, तेही खरं. सही घेतानी तुमीच सांगतलं होतं, इथं खरं तेच लिहाचं." त्यांनी पंख्याकडे पाहिलं. मग पाय चपलेत सरकवले. "दोन मिन्टं. आलोच."

खिडकीतून रस्त्यापलीकडचा पानठेला दिसत होता. प्रियदर्शनीला हाक मारता आली असती. खिडकी उघडी होती, आणि आवाज म्हणाल तर शाळेत ती वक्तृत्वात पहिली यायची. ती टेबलावरच्या टाचण्या एका दिशेला तोंड करून लावत बसली. ठेल्यावरच्या माणसानं खर्रा घोटायला घेतला, तेव्हा तिच्या निम्म्या टाचण्या लागल्या होत्या. नत्थुजी रस्ता ओलांडून परत निघाले, तेव्हा सगळ्या लागल्या होत्या. मग तिनं त्या पुन्हा विस्कटल्या.

नत्थुजी आत आले. डावा गाल फुगलेला, डोळ्यांत पाणी, कपाळावर घाम. तीन महिन्यांनी चांगलाच लागला होता. खुर्चीत बसून, हनुवटी वर करून, तोंडातलं सांभाळत ते कसेबसे म्हणाले, "लिहा. आता खरं हाये."

प्रियदर्शनीनं पेन उचललं. "गेल्या चोवीस तासांत किती वेळा?"

नत्थुजींनी एक बोट वर केलं.

"पुढे सोडायची इच्छा आहे?"

त्यांनी जोरजोरात होकाराची मान डोलावली.

तिनं दोन्ही लिहिलं. वीस झाले. "काका, आता थुंका ना," ती हळूच म्हणाली, आणि तेवढ्यात दार ढकलून गोदाबाई आल्या.

"मायबाई, केवढा वास येऊन राहिला खर्र्याचा!" त्यांनी पदर नाकाला लावला. मग आपणच समजूत घातली. "येनारच म्हना. इथं अशेच लोकं येत असतीन दिवसभर." पेढ्यांचा डबा टेबलावर ठेवून त्या नवऱ्याकडे वळल्या. "दाखोले का जी दात? दाखवा ना मॅडमले. कशे लखलखून राहिले पाहा."

नत्थुजींनी ओठ मिटून नकाराची मान हलवली.

"लाजून राहिले," गोदाबाई म्हणाल्या. "तुमाले सांगतो मॅडम, एकतीस वर्सं या मानसानं माह्यासंग धड गोठ केली नाई. काई इचारलं का नुसतं हूं. तोंड भरलेलं! आता रोज रातच्याले नातीले गोष्टी सांगतेत. काल तं गानं म्हनलं." त्यांनी डोळे पुसले आणि डब्यातला मोठा पेढा उचलला. "तुमच्यामुळं झालं हे, पोरी. आ कर."

"काकू, नको, मी—"

उघडलेल्या तोंडात अख्खा पेढा गेला.

"कसा हाये?" गोदाबाईंनी एकदा तिच्याकडे, एकदा नवऱ्याकडे बघत विचारलं.

टेबलाच्या अलीकडे एक गाल फुगलेला होता, पलीकडे एक. दोघांनीही नुसतं हूं केलं.