तिकिटामागचं नाव

लातूर जिल्हा नवा, दुष्काळ मात्र जुनाच. अशात उदगीरच्या सिद्धरामप्पांना लॉटरी लागली. आनंदानं ओरडून ओरडून घसा बसला म्हणे, म्हणून कचेरीत बायको दानम्माच बोलत होती.

“तिकिटामागं नाव लिहायचं राहिलंय. मालकाचं नाव सांगा,” कारकून म्हणाला.

अंगठेबहाद्दर सिद्धरामप्पांनी घशाकडं बोट दाखवलं. दानम्मा लाजली. लग्नापासून तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नव्हतं.

“नावाशिवाय बक्षीस मिळत नाही, बाई.”

तिनं डोक्यावरचा पदर सावरला.

“नव्या जिल्ह्यात नवी कचेरी, आडात न्हाई पाणी,
सिद्धरामप्पांचं नाव घेते, मी लाटरीवाल्याची राणी!”

सारी कचेरी टाळ्या पिटू लागली. त्या गोंगाटातून सिद्धरामप्पांचा खणखणीत आवाज आला, “सायब, नीट ऐकू आलं न्हाई म्हना की!”